विद्यावेतनावर वेल्डर होताना : एका उमेदवारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला तरुण सुरुवातीला २३ वर्षांचा होता. नाव, ठिकाण आणि कार्यशाळा वगळली आहे. त्याला आपण उमेदवार म्हणू. शालेय शिक्षण पूर्ण झालेलं, पुढे काही नाही. काही वर्षं एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम केलेलं. पगार वेळेवर मिळे, पण पहिल्या दिवशी जे काम करत होता तेच आजही करत होता. घरातली दोन माणसं त्याच्या कमाईवर अवलंबून होती. त्यामुळे 'नोकरी सोडून शिक' हा सल्ला त्याला देणं सोपं आणि पाळणं अवघड होतं.

वेल्डिंगकडे तो वळला कारण गोदामातल्या लोखंडी मांडण्यांची दुरुस्ती करायला बाहेरून वेल्डर येत आणि त्यांच्या हाताखाली पकडापकडी करायला यालाच उभं करत. काम आवडलं. हातही स्थिर होता. त्यातून त्याने चौकशी सुरू केली आणि सल्ल्यासाठी माझ्यापर्यंत पोचला. पुढची तीन-साडेतीन वर्षं त्याच्याशी, त्याच्या मालकाशी आणि त्याला शिकवणाऱ्या ज्येष्ठ वेल्डरशी माझं बोलणं चालू राहिलं. हे लेखन त्या बोलण्यावर आणि उमेदवाराच्या वहीवर आधारलेलं आहे. ती वही या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली.

समोरच्या तीन वाटा

पहिली वाट पूर्णवेळ अभ्यासक्रमाची. शुल्क भरायचं, काही महिने बूथमध्ये रोज सराव करायचा आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं. हात बसवायला यासारखी जागा नाही, कारण दिवसभर दुसरं काही करायचंच नसतं. पण तेवढा काळ घरात पैसा येणार नव्हता. ही वाट इथेच बंद झाली.

दुसरी वाट फॅब्रिकेशनच्या कामावर हेल्पर म्हणून लागण्याची. गोदामाइतकाच पगार पहिल्या महिन्यापासून, आणि 'बघता बघता शिकशील' असं तोंडी आश्वासन. अनेक चांगले वेल्डर असेच घडले आहेत, हे मी नाकारणार नाही. पण न शिकता राहिलेले हेल्पर त्याहून जास्त पाहिले आहेत. हेल्परला शिकवण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

तिसरी वाट पगारी उमेदवारीची. मध्यम आकाराची कार्यशाळा, पोलादी जिने, मजले, चौकटी आणि थोडं पाइपचं काम. करार तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी विद्यावेतन गोदामातल्या पगाराच्या साधारण दोन-तृतीयांश, दुसऱ्या वर्षी जवळजवळ गोदामातल्या पगाराइतकंच, तिसऱ्या वर्षी त्याहून थोडं जास्त.

म्हणजे खरा खड्डा पहिल्या वर्षाचा होता. उमेदवाराने घरखर्चाचा हिशेब मांडला आणि गोदामातली नोकरी आणखी चार महिने केली. त्या चार महिन्यांत त्याने पहिल्या वर्षाच्या तुटीचा निम्मा भाग बाजूला काढला. उरलेला निम्मा भाग सुट्टीच्या दिवशी गोदामात जाऊन भरून काढायचा असं ठरलं. कार्यशाळेच्या मालकाने जागा तोवर राखून ठेवायला होकार दिला. अर्धवट तयारीने गेलेले उमेदवार बहुधा पहिल्या वर्षातच पैशापायी गळतात, म्हणून ही चार महिन्यांची उशिराची सुरुवात मला या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

करारावर सही करताना

करार दोन पानी होता. विद्यावेतन, कामाचे तास, सुट्ट्या आणि अपघात विमा स्पष्ट लिहिलेला. शिकवण्याबद्दल एकच ओळ होती : 'उमेदवारास वेल्डिंगच्या सर्व कामांचे प्रशिक्षण देण्यात येईल.'

सहीच्या आधी त्याने तीन गोष्टी विचारल्या. प्रमाणपत्रासाठीच्या चाचणीचा खर्च कोण करणार? शिकवणार कोण? आणि तीन वर्षं संपल्यावर थांबण्याचं बंधन आहे का?

मालकाची भीती उघड होती. शिकवावं आणि मुलाने दुसऱ्या दिवशी जास्त पगारावर शेजारी जावं, हे त्यांच्या बाबतीत घडून गेलं होतं. त्यांना प्रमाणपत्रानंतर दोन वर्षांचं बंधन हवं होतं आणि मध्येच सोडल्यास तीन वर्षांचं विद्यावेतन परत. या मुद्द्यावर उमेदवार ठाम राहिला. विद्यावेतन हे केलेल्या कामाचे पैसे असतात. ते परत मागता येत नाहीत, हे त्याने नीट शब्दांत सांगितलं. शेवटी ठरलं ते असं : चाचण्यांचा खर्च मालकाचा, प्रमाणपत्रानंतर एक वर्ष थांबायचं, आधी गेल्यास फक्त चाचणीचा खर्च परत, तोही उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. शिकवणारा म्हणून कार्यशाळेतल्या ज्येष्ठ वेल्डरचं नाव करारात घातलं गेलं.

एक प्रश्न मात्र विचारला गेला नाही : आठवड्याला किती वेळ हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ) असेल?

अडचण : आठ महिने ग्राइंडर

पहिले दोन महिने ग्राइंडिंग, कटिंग, प्लेटच्या कडांना उतार (बेव्हल) देणं आणि टाके, म्हणजे तुकडे जागी धरणारे छोटे जोड, मारणं यात गेले. हे योग्यच होतं. ज्याला बेव्हल नीट काढता येत नाही, रूट गॅप (जोडाच्या तळाशी, म्हणजे रूटशी, ठेवायची फट) सारखा ठेवता येत नाही, त्याचं वेल्डिंग पुढे सुधारत नाही. जोडाची अर्धी गुणवत्ता आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) पेटण्याआधी ठरलेली असते.

पण आठव्या महिन्यातही तेच चालू होतं. ऑर्डरी वाढल्या होत्या आणि ग्राइंडिंगला माणूस कमी पडत होता. उमेदवार चपळ होता, तक्रार करत नव्हता, आणि त्याचा दर कार्यशाळेत सर्वांत कमी होता. कोणी ठरवून त्याला अडवलं नव्हतं. रोज सकाळी फोरमनसमोर कामाची यादी असे, आणि त्या यादीतलं ग्राइंडिंग सर्वांत स्वस्तात त्याच्याकडून होत असे. उमेदवारी बहुतेक ठिकाणी अशीच बिघडते.

याच काळात आणखी एक प्रकार घडला. त्याला जस्ताचा मुलामा असलेल्या ब्रॅकेटांना टाके मारायला बसवलं गेलं. जागा बंदिस्त, धूर ओढून घेणारा पंखा दुसऱ्या कामावर. संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला, तोंडात धातूची चव आली, अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं. जस्ताच्या धुरामुळे येणारा हा ताप वेल्डरांना चांगला माहीत असतो. सोबत्यांनी 'दूध पी, बरं वाटेल' असं सांगितलं. दुधाने छातीत गेलेला धूर निघत नाही. मुलामा जोडाच्या आसपास घासून काढणं, धूर तोंडापर्यंत येण्याआधीच ओढून घेणं आणि योग्य मास्क हाच त्यावर उपाय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केली आहे. एका रात्रीचा ताप उतरतो, पण रोजचा धूर तीस वर्षं साठत जातो. उमेदवाराला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि हा प्रकार ऐकून मला त्याच्या ग्राइंडिंगपेक्षा जास्त काळजी वाटली.

निर्णय : सोडायचं, सोसायचं की बोलायचं

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला तो सोडण्याच्या बेतात होता. शेजारच्या एका ठेकेदाराने त्याला हेल्पर म्हणून विद्यावेतनाच्या दीडपट पैसे देऊ केले होते.

इथे वही कामी आली. पहिल्या आठवड्यापासून तो रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहीत होता : कोणतं काम, कोणता रॉड किंवा वायर, कोणती पोझिशन, आणि आर्क किती मिनिटं पेटला. आठ महिन्यांची बेरीज केली तेव्हा सरासरी आठवड्याला जेमतेम दोन तास निघाले, तेही जवळजवळ सगळे आडव्या पोझिशनमधले टाके.

हा आकडा वाचताना एक लक्षात घ्यायला हवं. हाताने रॉड मारणाऱ्या कुशल वेल्डरचाही आर्क पूर्ण पाळीभर पेटलेला नसतो. रॉड बदलणं, स्लॅग (जोडावर जमणारी कडक खपली) झोडणं, जॉब फिरवणं यात बराच वेळ जातो आणि साधारण पाव भागच प्रत्यक्ष वेल्डिंगचा असतो. म्हणजे आठवड्याला दहा-बारा तास आर्क हेच पूर्ण वेळ काम. त्यामुळे दोन तास ऐकायला वाटतात तितके नगण्य नव्हते, पण त्यात उभं आणि डोक्यावरचं वेल्डिंग शून्य होतं. ते शिकल्याशिवाय चाचणी देता येणार नव्हती.

त्याच्यापुढे तीन पर्याय होते. ठेकेदाराकडे जाणं म्हणजे आठ महिने वाया घालवून पुन्हा हेल्पर. गप्प राहणं म्हणजे फोरमनच्या यादीवर भरवसा ठेवणं. त्याने बोलायचं ठरवलं आणि बोलला तो थेट मालकाशी, ज्येष्ठ वेल्डरला आधी सांगून. त्यांना वगळून वर गेला असता तर शिकवणारा माणूस कायमचा दुखावला असता.

मालकापुढे त्याने 'मला शिकवत नाही' असा सूर लावला नाही. वही पुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, करारात प्रमाणपत्र आहे. या वेगाने मी तीन वर्षांत चाचणीला उभा राहू शकणार नाही. मग तुमचाही चाचणीचा खर्च वाया जाईल." मालकाने वही पानोपानी पाहिली. ज्येष्ठ वेल्डर दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होते, हे त्यांच्याही डोक्यात होतं. ते गेल्यावर उभ्या जोडांचं काम कोण करणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

काय केलं गेलं

आठवड्यातले तीन दिवस, सकाळचा पहिला दीड तास, उमेदवार सरावाच्या बूथमध्ये. हा वेळ फोरमनच्या यादीबाहेर. प्लेट भंगारातून, रॉड कार्यशाळेचे. ज्येष्ठ वेल्डर रोज शेवटची दहा मिनिटं येऊन पाहणार. शिवाय जस्ताच्या कामासाठी वेगळी जागा आणि हलवता येणारा धूर-शोषक.

आधी ६०१३ या प्रकारचा रॉड. त्याचा आर्क सहज पेटतो, स्लॅग सहज सुटतो, नवख्याला धीर येतो. मग ७०१८. याचं आवरण कमी हायड्रोजनचं, त्यामुळे जोड चिवट होतो आणि तडे जाण्याचा धोका कमी. पण हा रॉड ओलावा शोषतो. उघड्या पुड्यातला रॉड वापरला तर हायड्रोजन पुन्हा जोडात शिरतो आणि रॉडचा उद्देशच संपतो. म्हणून तो साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवायचा आणि लागेल तेवढाच बाहेर काढायचा. उमेदवाराला ही शिस्त जड गेली नाही. उभं वेल्डिंग मात्र महिनाभर जमेना.

ज्येष्ठ वेल्डरने त्याला बाजूला उभं करून स्वतः एक रन (जोडाचा एक थर) मारला आणि विचारलं, "काय बघितलंस?" त्याने सांगितलं, "आर्क." "आर्क बघू नकोस. आर्कच्या मागचं वितळलेलं पाणी बघ. दोन्ही कडांना ते भिडतंय का, तेवढंच बघ. भिडलं की वर सरक." हे एक वाक्य वहीत त्या दिवशी ठळक लिहिलेलं आहे. उभ्या पोझिशनमध्ये धातू खाली ओघळू पाहतो. घाई केली तर कडा सुटतात, रेंगाळलं तर मध्ये फुगवटा येतो. कडांवर क्षणभर थांबणं आणि मधून झटकन जाणं हे हाताला कळेपर्यंत कितीही सांगून उपयोग होत नाही.

पहिली चाचणी

चौदाव्या महिन्यात ३जी चाचणी ठरली. म्हणजे प्लेट उभी, जोड खालून वर. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ या पोलादी बांधकामाच्या संहितेनुसार, मागे पट्टी लावलेली दहा मिलिमीटर जाडीची प्लेट. बाहेरून पाहता जोड देखणा होता. मग पट्टी काढून त्यातून कापलेले तुकडे वाकवण्यात आले, एक वरच्या बाजूने, एक रूटच्या बाजूने. वरच्या बाजूचा तुकडा १८० अंशांत अखंड वाकला. रूटच्या बाजूचा उघडला. चीर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी म्हणजे नापास, आणि ही स्पष्ट मोठी होती. आत प्लेटची कड आणि मागची पट्टी यांच्या कोपऱ्यात स्लॅग अडकलेला होता.

कारण ज्येष्ठ वेल्डरने लगेच सांगितलं : पहिल्या रनला करंट कमी आणि पहिल्या रनची सफाई अपुरी. सरावाच्या वेळी त्याने वरचे रन सुंदर करण्यावर जीव ओतला होता, कारण पाहणाऱ्याला तेच दिसतं.

इथे पुन्हा एक निर्णय होता. लगेच फेरचाचणी घ्यायची, की थांबायचं? मालकाला लगेच हवी होती, कारण एक मोठं काम येत होतं. ज्येष्ठ वेल्डरने दोन महिने मागितले आणि त्यात एक अट घातली : प्रत्येक सरावाचा तुकडा कापून वाकवायचा, न वाकवता एकही फेकायचा नाही. कार्यशाळेत वाकवायला साधा हायड्रॉलिक प्रेस होताच. सोळाव्या महिन्यात तो पास झाला. नापास होण्यापेक्षा, पहिल्या चौदा महिन्यांत एकही तुकडा वाकवून पाहिला गेला नव्हता, ही गोष्ट मला जास्त खटकते. वेल्डिंगमध्ये डोळा फसतो; वाकवलेला तुकडा फसवत नाही.

मिगचा मोह

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मालकाने त्याला मिगच्या, म्हणजे रॉडऐवजी यंत्रातून सतत येणाऱ्या वायरने करायच्या वेल्डिंगच्या, कामावर घेण्याचा प्रस्ताव दिला. चौकटींची मोठी ऑर्डर होती आणि तिसऱ्या वर्षाचं विद्यावेतन आताच सुरू करायची तयारी होती. बदल्यात टिगवर (भरणीची काडी वेगळी हाताने देत करायच्या वेल्डिंगवर) पाइप शिकण्याचा टप्पा सहा महिने पुढे ढकलायचा.

घरची गरज पाहता त्याने होकार दिला. या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. मिगवर काम वेगाने होतं आणि पैसा वाढला. मात्र मिग शिकायला सोपं वाटतं तिथेच त्याचा धोका आहे : कमी व्होल्टेजवर वायर नुसती वर साचते, रन गुळगुळीत दिसतो आणि खाली धातू एकजीव झालेलाच नसतो. रॉडवरच्या अनुभवाने उमेदवार हे ओळखू शकला आणि मिगची चाचणी पहिल्याच फेरीत पास झाला. वेगळी चाचणी द्यावीच लागली, कारण पात्रता प्रक्रियेगणिक असते. रॉडचं प्रमाणपत्र मिगला चालत नाही.

टिगचा टप्पा मात्र आक्रसला. ६जी चाचणीत पाइप ४५ अंशांत पक्का बसवलेला असतो, फिरवता येत नाही. वेल्डरलाच भोवती फिरत सगळ्या पोझिशन एकाच जोडात माराव्या लागतात. म्हणून ती पास झालेल्याला बहुतेक सगळ्या पोझिशनची दारं उघडतात. त्याला या सरावासाठी दहा महिन्यांऐवजी चार मिळाले.

निकाल

तीन वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याच्याकडे रॉडवर उभ्या प्लेटची आणि मिगची पात्रता होती. ६जीमध्ये तो नापास झाला. एक्स-रेमध्ये पाइपच्या तळाशी, घड्याळातल्या सहाच्या जागी, रूट आत पोचलेला नव्हता. तिथे वेल्डर खालून वर काम करत असतो, अंग आखडलेलं असतं, आणि भरणीची काडी जराशी कमी पडली तरी रूट पोकळ राहतो.

आज तो त्याच कार्यशाळेत कुशल वेल्डरच्या पूर्ण पगारावर आहे. गोदामातल्या पगारापेक्षा ही कमाई बरीच जास्त आहे आणि करारातलं थांबण्याचं वर्ष चालू आहे. ज्येष्ठ वेल्डर निवृत्तीनंतर आठवड्यातून एक दिवस येतात आणि त्याला पाइपवर बसवतात. मालकाने दुसरा उमेदवार घेतला आहे. त्याच्या करारात बूथचे तास पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

बूथचे तास सहीच्या वेळीच लिहून घेतले असते तर सहा महिने तरी वाचले असते आणि टिगचा टप्पा आक्रसला नसता. शिकाऊ माणसाला हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो; मालकाला तो उद्धटपणा वाटेल अशी भीती असते. या प्रकरणात मालक नंतर स्वतःच म्हणाले की आधी विचारलं असतं तर आधीच दिलं असतं. मला यावर विश्वास ठेवावासा वाटतो, कारण पुढच्या उमेदवाराला त्यांनी न मागता दिलं.

नवव्या महिन्याऐवजी चौथ्या महिन्यात बोलता आलं असतं. वहीत पुरावा तेव्हाही होता. तो म्हणाला की 'अजून वाट पाहू' असं दर महिन्याला वाटत राहिलं.

मिगच्या प्रस्तावाला होकार देताना टिगसाठी ठरलेली तारीख लेखी मागायला हवी होती. पैसा वाढवून घेताना तेवढं मागण्याची संधी होती, आणि ती पुन्हा आली नाही.

धुराची माहिती पहिल्या आठवड्यात द्यायला हवी होती, ताप आल्यानंतर नव्हे. हे मालकाचं आणि फोरमनचं काम होतं. काळ्या काचेबद्दल सगळे सांगतात, कारण डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग दुसऱ्याच सकाळी होते. धुराचा त्रास उशिरा दिसतो म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणखी एक बाब सध्या त्याच्यापुढे आहे. डी१.१ संहितेनुसार एखादी प्रक्रिया सलग सहा महिन्यांहून अधिक काळ वापरली नाही तर तिची पात्रता जाते आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते. गेले चार महिने रोजच्या कामात तो फक्त मिगवर आहे. त्याने हे वहीत लिहून मालकाला दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यातलं जिन्याचं काम त्याला रॉडवर करायला मिळालं आहे.